हे काम या दुकानातलं नाही

मी चिमण्यांची एक जुनी लाकडी पेटी आहे. जुनी, वाकडी आणि कोपऱ्याकोपऱ्यांतून कान बाहेर आलेली. दोन दुकानांच्या मधल्या भिंतीवर, माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचीवर मी टांगलेली असते. मित्रांनो, जुन्या वस्तूंची आत्मवृत्तं तुम्ही पुष्कळ वाचली असतील. फाटकी छत्री रडते, बंद पडलेलं घड्याळ उसासे टाकतं, मोडकी खुर्ची म्हणते, 'काय ते माझे दिवस होते!' तसलं ऐकायला आला असाल, तर आल्या पावली परत फिरा. मी रडणार नाही. माझ्याकडे बघून आजवर इतके लोक हसले आहेत, की रडायला मला सवडच मिळाली नाही.

माझं मूळ काही फार थोर नाही. मोठी काच कुठे पाठवायची झाली, की तिच्याभोवती हलक्या लाकडाचा खोका ठोकतात आणि काच पोचली की खोका फेकून देतात. मी अशाच एका खोक्याच्या फळ्यांमध्ये होते. ती काच या गल्लीत आली ती टेलरबाईच्या दुकानासाठी. टेलरबाई म्हणजे गल्लीतल्या निम्म्या लोकांच्या अंगावरचे कपडे जिच्या मशीनवरून आलेले आहेत, ती बाई. तिच्या दुकानावर आधी एक जाड, मागून खोक्यासारखी लाकडी पाटी होती. पाटीच्या कोपऱ्यातली गाठ गळून तिथे भोक पडलं होतं आणि पाटीमागच्या पोकळीत चिमण्या राहायच्या. बाई खाली शिवायची, चिमण्या वर भांडायच्या, आणि असं कित्येक वर्षं सुखाने चाललं होतं.

नवी काच बसवायला ती पाटी काढावी लागली. दुकान झकास दिसू लागलं. दुसऱ्या दिवशी एक चिमणी चोचीत गवताची काडी धरून आली आणि काचेसमोर नुसती फडफडत राहिली. तिला भोक सापडेना, पण ती काडीही टाकेना. जरा वेळाने दमून समोरच्या तारेवर बसली, पुन्हा आली, पुन्हा काचेपाशी तेच. बाईने मशीन थांबवलं. दाराशी आलेल्या गिऱ्हाइकाला ती 'उद्या या' एवढंही नीट म्हणाली नाही. ती सरळ उठून शेजारच्या दुकानात गेली.

शेजारचं दुकान सुताराचं. तो तिचा थोरला भाऊ. सगळे त्याला मिस्तरी म्हणतात. त्याने बसवलेला खण अडकत नाही आणि त्याने लावलेलं दार कुरकुरत नाही, आणि हे त्याला स्वतःलाही चांगलंच ठाऊक आहे. बहिणीला तो गुंडी म्हणतो. लहानपणी तिने आईच्या डब्यातली एक गुंडी गिळली होती, तेव्हापासून ते नाव पडलं ते पडलंच.

"दादा, मला करवत दे," बाई म्हणाली.

"करवत? ती कशाला?"

"चिमण्यांना घर करायचंय."

"एवढंच ना? मी करतो. चहा होईपर्यंत तयार होईल."

"नको. मी पाडलंय, मीच बांधणार."

"गुंडे, करवत म्हणजे कात्री नव्हे."

"ते मला दिसतंय. ती चिमणी अजून काडी धरून हिंडतेय, दादा. तिने काडी टाकायच्या आत व्हायला हवं. देतोस का?"

मिस्तरीची बायको, म्हणजे बाईची वहिनी, तेवढ्यात दोघांचा चहा घेऊन आली होती. तिने कपाटावरची करवत काढून बाईच्या हातात दिली आणि नवऱ्याला म्हणाली, "देऊन टाका. तुम्ही दोघं एकाच फळीचे दोन तुकडे. वाकणार कुणीच नाही, उगाच चहा निवेल."

मित्रांनो, माझा जन्म असा एका हट्टातून झाला. तेव्हा माझ्यात हट्ट कुठून आला, हे मला विचारू नका.

बाई मापाशिवाय कापडाला कात्री लावत नाही. पण चिमणीचं माप घ्यायचं कसं? गिऱ्हाईक क्षणभर तरी उभं राहायला हवं! मग तिने तेच केलं जे घाईतल्या गिऱ्हाइकांसाठी करते. ती त्यांच्याकडून मापाला एखादा जुना कपडा मागून घेते. इथे जुना कपडा म्हणजे ती उतरवलेली पाटी. मागच्या बोळात पडलेल्या त्या पाटीचं भोक, मागची पोकळी, उंची, खोली असं सगळं तिने गळ्यातल्या टेपने मोजलं आणि कापडावर आखायच्या खडूने माझ्या अंगावर आखलं. इथवर सगळं बरोबर होतं. कुठल्याही सुताराने मान डोलावली असती.

मग तिने माया सोडली.

शिवणकामात कापड मापाला बरोब्बर कापत नाहीत. शिलाईत जायला म्हणून कडेने थोडं जास्त ठेवतात, त्याला माया म्हणतात. बाईचा हात जन्मभर त्याच वळणावर गेलेला. फळीला शिलाई नसते, फळी आत दुमडत नाही, हे तिच्या डोक्यात आलंच नाही. तिने प्रत्येक तुकड्याला चारी बाजूंनी माया सोडली आणि मग करवत चालवली. बाजूच्या भिंतींची माया पोटात गेली, म्हणून मी मापापेक्षा खोल झाले. पुढच्या आणि मागच्या भिंतींची माया बाहेर राहिली, तेच हे माझे कान. छप्पर तर असं पुढे आलं, की डोळ्यांवर टोपी ओढल्यासारखं दिसू लागलं. भिंतींची माया तळाच्याही खाली लोंबत राहिली. एकट्या तळाची माया तेवढी छाटावी लागली, कारण तळ आत मावेना. तेव्हा कुठे बाईच्या लक्षात आलं की आपलं काहीतरी चुकलंय. ती कपाळाला हात लावून बसली, मग उठली आणि म्हणाली, "राहू दे. सैल आहे, पण घट्ट तर नाही ना?"

खिळे मारायच्या आधी तिने मला कच्चा टाका घातला. खरंच घातला! मिस्तरीकडून गिरमिट आणून कोपऱ्यांत बारीक भोकं पाडली, त्यांतून जाड दोरा ओवला आणि मला नुसती दोऱ्यावर उभी केली. मग दोन पावलं मागे जाऊन, मान कलती करून, गिऱ्हाइकाची ट्रायल बघावी तशी बघत राहिली.

मिस्तरी दारात येऊन उभा होता. "गुंडे, लाकूड शिवतात होय गं?"

"आधी कच्चं, मग पक्कं. तू एकदम खिळा मारतोस. चुकलं तर काय करतोस?"

"मी चुकत नाही."

"मग तुला यातलं काय कळणार?"

मिस्तरी हसत हसत परत गेला, पण जाताना दोनदा मागे वळून बघितलं त्याने. मी पाहिलं ते.

खिळ्यांचं काही विचारू नका. बाईने बोटात अंगुस्तान घातलं, तेच जे सुई टोचू नये म्हणून शिंपी घालतात. हातोडी खिळ्यावर कमी आणि अंगुस्तानावर जास्त बसली. अंगुस्तान चेपलं, बोट वाचलं. खिळे वाकले, तिने पक्कडीने सरळ केले, पुन्हा वाकले. पण एक गोष्ट ऐका. नवखा माणूस फळीच्या अगदी टोकाला खिळा मारतो आणि फळी हमखास फाटते. माझी एकही फळी फाटली नाही, कारण खिळा आणि टोक यांच्या मध्ये ती वेडी माया होती. हे तेव्हा कुणी बोललं नाही. मी मात्र सांगणार, अगदी छाती काढून सांगणार.

छप्पर उघडून आतला कचरा काढता यावा म्हणून बिजागरी हवी होती. बाईकडे बिजागरी नव्हती आणि आता भावाकडे मागायची नव्हती. तिने जाड कॅनव्हासची पट्टी दोन्हीकडे खिळ्यांनी ठोकली, झाली बिजागरी. वाऱ्याने छप्पर उडू नये म्हणून पुढे कोटाची एक मोठी काळी गुंडी लावली आणि तिला अडकवायला दोऱ्याचा फास केला. मित्रांनो, गल्लीत एवढी दुकानं आहेत, पण गुंडी लावलेलं छप्पर एकाचंही नाही.

मी तयार झाले. बाईने शिडी लावून मला भिंतीवर टांगलं. आणि माझी बदनामी सुरू झाली.

त्याचं कारण साधं होतं. मी दोन्ही दुकानांच्या मधोमध होते. वर लाकडाची वाकडी पेटी, खाली सुताराचं दुकान, मग ती केली कुणी असेल? येणारा-जाणारा मिस्तरीला विचारायचा, "काय मिस्तरी, हात बिघडला की काय?" कुणी म्हणायचं, "चष्मा लागला वाटतं." एक नवरा-बायको कपाट सांगायला आले होते. त्यांनी वर बघितलं, एकमेकांकडे बघितलं आणि "जरा विचार करून कळवतो" असं म्हणून गेले ते गेलेच. मिस्तरी त्या दिवशी जेवला नाही. मी त्याची थट्टा करत असले, तरी हे मला कबूल आहे की ते त्याला फार लागलं. उभा जन्म त्याने एक फट राहू दिली नव्हती, आणि त्याच्या डोक्यावर मी बसले होते, नुसती फटीच फटी.

"गुंडे, मागच्या भिंतीला लाव तिला," तो म्हणाला.

"मागे तुझा बोका असतो. आणि चिमणी पुढे येते, मागे नाही."

"मग निदान कान तरी छाटू दे. दोन मिनिटांचं काम आहे."

"नाही."

"अगं पण का? चुकलंय ते!"

"चुकलंय ना? माझी चूक आहे. तिला कात्री लावायची तर मी लावीन. तू नाही."

मिस्तरी पाय आपटत दुकानात गेला. काचेच्या खोक्याची एक फळी अजून उरली होती, माझीच सख्खी बहीण म्हणा. त्याने ती घेतली, रंधा मारून आरशासारखी गुळगुळीत केली, कडा गोल केल्या आणि ब्रशने तिच्यावर सुरेख अक्षरांत लिहिलं: 'हे काम या दुकानातलं नाही'. मग ती पाटी त्याने माझ्या बरोबर खाली टांगली.

गल्ली पोट धरून हसली. बाई रस्त्यावर गेली, कमरेवर हात ठेवून पाटी वाचली आणि म्हणाली, "अक्षर छान आलंय." आणि जाऊन मशीनवर बसली. पण त्या दिवशी मशीन फार जोरात चाललं, एवढं मी ऐकलं.

मला काय वाटलं? राग आला. पेटीला राग येत नाही असं समजू नका. जिच्या पोटात अजून एक काडीही पडली नाही, तिच्या पायाशी नकाराची पाटी लावायची? मी तेव्हाच ठरवलं. लावा पाट्या. हवं तर दहा लावा. मी इथून पडणार नाही.

चिमणी लगेच आली नाही. मी कशाला खोटं बोलू? ती तारेवर बसून माझ्याकडे बघायची, चिमणा भोकापर्यंत येऊन डोकं आत घालायचा आणि पळायचा. तिच्या चोचीत आता काडीही नसायची. बाई रोज दुकान उघडताना आधी वर बघायची. "येईल," वहिनी म्हणायची, "नव्या घरात जीव रमायला वेळ लागतो." बाई मान हलवायची, पण तिचा चेहरा उतरलेला असायचा. आपण पाडलं आणि आपल्याला बांधता आलं नाही, हेच तिला खात होतं. मी भिंतीवर जमेल तेवढी स्थिर उभी होते. माझ्या हातात तेवढंच होतं.

आणि एका सकाळी ती चिमणी काडी घेऊन आली, सरळ माझ्या भोकात शिरली आणि बाहेर आली ती रिकाम्या चोचीने. बाईच्या हातातून कात्री पडली. "दादा! टाकली! काडी आत टाकली!" ती एवढ्याने ओरडली, की मिस्तरीला वाटलं कुणाला तरी लागलं. तो धावत बाहेर आला, वर बघितलं आणि "बरं" एवढंच म्हणून आत गेला. रंध्याचा आवाज बराच वेळ आला नाही. तो खिडकीतून बघत होता.

पुढची परीक्षा घ्यायला मिस्तरीचाच बोका आला. तो भुशात लोळून लोळून लठ्ठ झालेला. माझ्या पोटात पिल्लं बोलायला लागली आणि त्याचे कान टवकारले. पाइपावरून चढून तो माझ्या छपरावर उतरला, वरून पंजा खाली सोडला आणि भोक शोधू लागला. पण छप्पर होतं पुढे आलेलं. पंजा नुसता हवेत फिरत राहिला. त्याने आणखी वाकून बघितलं, आणखी वाकला, आणि गडी सरळ खाली उघड्या ठेवलेल्या मिस्तरीच्या सरसाच्या डब्यात. तिथून उठून भुशात पळाला. मग जे काही अंगाला भुसा चिकटवून बाहेर आलं, त्याला बोका म्हणायची कुणाची हिंमत झाली नाही.

त्यानंतर गल्लीची भाषाच बदलली. तेच लोक म्हणू लागले, "बाई हुशार हं! मांजरासाठीच छप्पर पुढे काढलं असणार. काय डोकं आहे!" मित्रांनो, हे साफ खोटं आहे. बाई चुकली होती. ती लाकूड कापताना कापडासारखं कापून बसली होती, बस्स. मला कुणी शहाणपणाची पेटी म्हणू नका. मी चुकलेलीच आहे. पण चुकलेलं म्हणजे टाकाऊ, हे तुम्हाला कुणी शिकवलं? ज्याने शिकवलं त्याला माझ्याकडे पाठवा. माझ्या पोटातून किती पिल्लं उडून गेली, ते मी त्याला दाखवते.

वर्षं गेली. दरवर्षी पिल्लं उडाली की बाई शिडीवर चढायची, गुंडी काढायची, आतलं जुनं गवत झाडून टाकायची आणि पुन्हा गुंडी लावायची. लोक लहान मुलांना खांद्यावर घेऊन मला दाखवायचे. एकदा एका गृहस्थाने मिस्तरीला विचारलं, "अशीच कानवाली एक करून द्याल का?" मिस्तरीने बोटाने पाटी दाखवली. ऊन लागून पाटीचा रंग उतरला होता, पण त्याने ती काढली नाही. बाईनेही कधी 'काढ' म्हटलं नाही. दोघं त्याच भिंतीखाली रोज एकत्र चहा प्यायचे आणि वर बघायचं टाळायचे.

मग बाईचा खांदा दुखू लागला. हात वर जाईना, शिडी चढवेना. एक वर्ष माझी साफसफाई राहिली, मग दुसरंही. जुन्या गवतावर नवं गवत, त्यावर आणखी. ओल धरली. माझा तळ आतून मऊ होत गेला. मी कुणाला दोष देत नाही आणि कुणाकडून 'बिचारी' असंही म्हणवून घेत नाही. तळ कुजला होता, तो कुजलाच होता. तरी त्या वर्षी चिमणी आली, तिने अंडी घातली, पिल्लं झाली, आणि मी सगळं धरून ठेवलं.

बाईच्या लेकीला बाळ झालं म्हणून बाई तिच्या गावी गेली होती. दुपारची वेळ, वारा सुटलेला. एका झोताबरोबर मला आतून काहीतरी सुटल्यासारखं वाटलं. मागचे दोन खिळे मऊ लाकडातून निसटले आणि तळ एका बाजूने खाली गेला. पिल्लं गवतासकट घसरली. तळ पडलाच असता. पण भिंतींची ती फालतू माया तळाखाली लोंबत होती ना, तिच्यात तो तिरका अडकला. किती वेळ अडकून राहणार, कुणाला ठाऊक? चिमणा-चिमणी असे किंचाळू लागले, की वहिनी हातातलं काम टाकून बाहेर आली.

"अहो! पेटीचा तळ सुटला! पिल्लं पडतायत!"

मिस्तरी धावत आला. शिडी लावली, हातोडी घेतली आणि वर आला. पाटी टांगली त्यानंतर पहिल्यांदाच मी त्याचा चेहरा इतक्या जवळून पाहिला. घाम आला होता त्याला. त्याने एका हाताने तळ सावरला, दुसऱ्या हाताने हातोडी उचलली, आणि थांबला. एक ठोका मारला असता तर सगळं खाली आलं असतं.

"गुंडीला फोन लाव," तो म्हणाला.

वहिनीने फोन लावला आणि हात उंच करून त्याच्याकडे धरला.

"गुंडे, तुझ्या पेटीचा तळ सुटलाय. पिल्लं आत आहेत. ठोकता येत नाही. काय करू?"

पलीकडून बाळाचं रडणं आणि बाईचा आवाज एकदमच आला. "ठोकू नकोस! दादा, अजिबात ठोकू नकोस! खालून एक फळी दे आणि दोऱ्याने बांध. वहिनी, माझ्या मशीनच्या डाव्या बाजूचा डबा. कोटाच्या गुंड्यांचा जाड दोरा. कच्चा टाका घाल, दादा."

"कच्चा म्हणजे कसा?"

"नंतर उसवता येईल असा. पण आत्ता धरून ठेवेल असा."

वहिनी दोरा आणायला पळाली. मिस्तरी फळीसाठी इकडेतिकडे बघू लागला. एक हात माझ्या पोटाखाली, खाली उतरायची सोय नाही. दुकान भरून लाकूड पडलेलं, पण हाताशी एक काडी नाही. मग त्याची नजर माझ्या खाली गेली. तिथे एक फळी होती. माझ्याच रुंदीची, माझ्याच खोक्याची. त्याने एका हिसक्यात पाटी खिळ्यावरून काढली आणि माझ्या तळाखाली लावली.

वहिनीने दोरा वर दिला आणि तो माझ्याभोवती फिरू लागला. पाटीखालून, अंगावरून, छपरावरून, पुन्हा खाली. कुठल्याही गुळगुळीत पेटीवरून दोरा घसरला असता. माझ्यावरून घसरला नाही. माझ्या कानांनी तो धरून ठेवला. ज्या कानांना तो कधीकाळी छाटणार होता, त्याच कानांना तो आता गाठी मारत होता, आणि तोंडाने पुटपुटत होता, "थांब, थांब, पडू नकोस, थोडं थांब." मित्रांनो, मला सांगायची गरज नव्हती. पण त्याने सांगितलं ते मला आवडलं.

पिल्लं वाचली. सगळी.

बाई परत आली ती थेट भिंतीखाली उभी राहिली. पिशवीही खाली ठेवली नाही. बराच वेळ वर बघत होती. डोळे भरून आले होते, पण तोंड तेच.

"दादा, टाका वाकडा आहे."

"घाईत घातलाय."

"आणि ही गाठ? अशी गाठ माझ्याकडे पहिल्या दिवशी आलेली पोरगीसुद्धा मारत नाही."

"मी काय शिंपी आहे?"

"म्हणूनच म्हणते, मीही एक पाटी लावते आता. 'हा टाका या दुकानातला नाही.'"

वहिनी इतकी हसली, की तिच्या हातातला चहा बशीत आला. मिस्तरीने ओठ घट्ट मिटून धरायचा प्रयत्न केला, पण ते जमलं नाही. मग दोघं भाऊ-बहीण रस्त्यात उभी राहून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. समोरचे लोक बघत होते, पण कुणाला काही कळलं नाही.

पिल्लं उडून गेल्यावर मला खाली उतरवलं. बाईने दोरा उसवला, मिस्तरीने कुजका तळ काढला आणि पाटी हातात घेतली. नवा तळ तिचाच करायचा असं ठरलं होतं. कुणी ठरवलं ते माहीत नाही, दोघंही काही बोलली नव्हती. पाटी थोडी लांब होती. बाईने खडूने रेघ मारली.

"माया सोडू का गं?" मिस्तरीने विचारलं.

"तळाला नसते सोडायची. एवढंही कळत नाही?"

मिस्तरीने पाटी लाकूड कापायच्या घोड्यावर धरली. एक टोक कापायचं होतं, हे किंवा ते. त्याने जरा वेळ पाटीकडे बघितलं, मग ती उलटी फिरवून खडूची रेघ दुसऱ्या टोकाकडे नेली आणि करवत चालवली. 'नाही' भुशात पडलं. बोक्याने ते हुंगलं आणि सोडून दिलं. उरलेली अक्षरं वरच्या बाजूला ठेवून मिस्तरीने तळ बसवला. खिळे सगळे सरळ गेले. तेवढेच माझ्या अंगावरचे सरळ खिळे.

आता दरवर्षी पिल्लं त्या अक्षरांवर जन्मतात. ती वाचत नाहीत. त्यांना पाय टेकायला जागा हवी असते, ती मी देते.

तर मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी वस्तू हात जोडतात, आमची काळजी घ्या म्हणतात. मी हात जोडणार नाही. मला दया नको, कौतुक नको, आणि कुणी माझे कान सरळ करायला तर मुळीच येऊ नका. माझ्या छपराची गुंडी मात्र सैल झाली आहे. बाईचा हात वर पोचत नाही आणि मिस्तरीला आताशा सुईत दोरा ओवता येत नाही. तुमच्यापैकी कुणाला शिडीवर चढता येत असेल, तर सुई-दोरा घेऊन या. टाका वाकडा आला तरी चालेल. इथे वाकडा टाकाही धरून ठेवतो.